बरोबरचे बटण दाबल्यावर

वाशी, नेरूळ किंवा खारघरच्या एकाच गृहसंकुलातली दहावी-बारावीची मुले सकाळी एकाच लिफ्टने खाली उतरतात, पण गणिताच्या बाबतीत वेगवेगळ्या नियमांच्या राज्यात जातात. राज्य मंडळाच्या बारावी भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर स्पष्ट सूचना असते: लॉग टेबल वापरता येईल, कॅल्क्युलेटर वापरता येणार नाही. सीबीएसईच्या दहावी-बारावीच्या गणितातही कॅल्क्युलेटर चालत नाही. शेजारच्या घरातली आयजीसीएसई शाळेत जाणारी मुलगी मात्र सायंटिफिक कॅल्क्युलेटर वापरूनच गणित शिकते. आयजीसीएसई घेणाऱ्या केंब्रिजनेही 2025 पासून आपल्या गणिताच्या परीक्षेत एक पेपर कॅल्क्युलेटरविना ठेवला आहे. ज्यांनी मनाई केली त्यांना पूर्ण खात्री नाही, आणि ज्यांनी मोकळीक दिली त्यांनाही नाही.

पालकांच्या बोलण्यात हा वाद ‘द्यावा की देऊ नये’ एवढ्यावर येऊन थांबतो. माझ्या मते वाद त्याच्या थोडा अलीकडचा आणि थोडा पलीकडचा आहे. बटण दाबण्याआधी मुलाने स्वतःचे काही म्हटले होते का? आणि पडद्यावर आकडा आल्यानंतर त्याला सांगण्यासारखे काही उरले का? या दोन्हींची उत्तरे ‘हो’ असतील, तर यंत्राने समज वाढते. ‘नाही’ असतील, तर यंत्र काढून घेऊन कागद-पेन्सिल दिली तरी समज येत नाही.

आकडेमोडीची साधने आपल्याकडे काही कॅल्क्युलेटरबरोबर आली नाहीत. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे आजोबा-पणजोबांच्या पिढीने घोकले, ती साधनेच होती. औट म्हणजे साडेतीन, आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. सोळा आण्यांचा रुपया आणि पावशेर-अच्छेराची मापे असलेल्या बाजारात हे पाढे येणारा माणूस कागदाशिवाय हिशेब करत असे. 1957 च्या एप्रिलमध्ये दशमान नाणी आली, पुढे किलो आणि मीटर आले आणि औटकीची गरज संपली. त्या पाठांतराबद्दल मला आदर आहे, पण पाठांतर म्हणजे समज असे मी मानत नाही. ‘सात आठे छप्पन्न’ एका दमात म्हणणाऱ्या मुलाला विचारावे: समजा छप्पन्न आठवलेच नाही, तर काय करशील? ‘सात साते एकोणपन्नास, त्यात आणखी एक सात’ असे जे मूल म्हणते त्याला गुणाकार कळला आहे. जे नुसते वर बघत राहते त्याच्या डोक्यात पाढा आहे, पण तो कॅल्क्युलेटरसारखाच बंद डब्यात आहे.

लॉग टेबलाचेही तसेच. परीक्षेत ते चालते, म्हणून ते जास्त ‘शैक्षणिक’ आहे असा एक समज आहे. जॉन नेपिअरने 1614 मध्ये लॉगॅरिदम प्रसिद्ध केले ते खगोलशास्त्रातल्या लांबलचक गुणाकारांचे कष्ट वाचवण्यासाठी. म्हणजे त्या काळचे तेही श्रम वाचवणारे यंत्रच. आज अकरावी-बारावीची मुले त्या तक्त्यात ओळ शोधतात, स्तंभ शोधतात, मीन डिफरन्स मिळवतात आणि अँटिलॉग घेतात. त्यातल्या किती जणांनी 2 चा लॉग 0.3010 आणि 3 चा लॉग 0.4771 यांची बेरीज करून 0.7781 आल्यावर तक्त्यात जाऊन तो 6 च्या लॉगच्या, म्हणजे 0.7782 च्या, अगदी जवळ आहे हे स्वतः पाहिले असते? गुणाकाराची बेरीज होते, ही त्या तक्त्यामागची सगळी गंमत. ती न दाखवता तक्ता दिला, तर तो पडद्याविना चालणारा कॅल्क्युलेटरच. ती दाखवली, तर 20 चा लॉग 1.3010 का, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतात.

गणिताच्या शिक्षणाचे अभ्यासक रिचर्ड स्केम्प यांनी 1976 मध्ये एका लेखात दोन प्रकारच्या समजेतला फरक मांडला. एक, कृती करता येणे, नियम ठाऊक असणे. दुसरी, नियम का चालतो आणि कुठे चालत नाही हे ठाऊक असणे. वरवर दोन्ही मुले सारखीच हुशार दिसतात, कारण दोघांचीही उत्तरे बरोबर येतात. फरक दिसतो तो आकडा जगात परत नेऊन ठेवायची वेळ येते तेव्हा. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारले गेले: 1128 सैनिक न्यायचे आहेत, एका बसमध्ये 36 बसतात, किती बस लागतील? सुमारे 70 टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण 29 टक्के मुलांनी उत्तर लिहिले, ‘31, बाकी 12’. 32 बस म्हणणारी 23 टक्केच होती. कॅल्क्युलेटर त्याच प्रश्नाला 31.333333 म्हणेल. रस्त्यात उभे राहिलेले बारा सैनिक ना कागदावरच्या भागाकारात दिसतात, ना पडद्यावर.

याच्या उलटी बाजूही आहे. वाशी पुलाच्या पलीकडे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1974 मध्ये ते सुरू केले. तिथल्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीतल्या मुलांच्या शाळेबाहेरच्या गणिताचा अभ्यास केला. घरच्या आणि वस्तीतल्या छोट्या उद्योगांत हात लावणाऱ्या या मुलांना माप, पैसा, पाव-अर्धा-पाऊण यांचे व्यवहारातले पक्के ज्ञान होते. शाळेच्या वहीत मात्र ते उतरत नव्हते. 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या कोलकाता-दिल्लीतल्या अभ्यासातही हेच दिसले. बाजारात काम करणारी मुले अवघड हिशेब तोंडी करत होती, पण तेच गणित शाळेच्या मांडणीत आले की अडत होती. शाळेत जाणाऱ्या मुलांचे बरोबर उलटे. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात वडिलांच्या गाळ्यावर बसणारा मुलगा आणि शाळेत पहिल्या बाकावर बसणारी मुलगी एकाच वर्गात असतील, तर दोघांनाही शिकवायचे आहे ते हेच: आकडा आणि त्यामागची गोष्ट एकत्र धरणे.

इथे मोबाइलचा कॅल्क्युलेटर कामी येतो. जीएसटी 1 जुलै 2017 ला लागू झाला, त्यामुळे उदाहरण प्रत्येक घरात आहे. 500 रुपयांच्या वस्तूवर 18 टक्के कर. बहुतेक मोबाइलवर 500 + 18% केले की 590 येते. आता वर्गाला सांगायचे, कर काढून मूळ किंमत शोधा. निम्मा वर्ग 590 − 18% करतो आणि पडद्यावर 483.80 येते. वर्ग गप्प होतो. यंत्र खोटे बोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, आणि मूळ किंमत 500 होती हेही सगळ्यांना माहीत आहे. मग गेले कुठे 16 रुपये 20 पैसे? 18 टक्के कशाचे, हा प्रश्न तेव्हा मुले स्वतःहून विचारतात. आधी 500 चे घेतले, नंतर 590 चे. 590 ला 1.18 ने भागायला हवे, आणि का भागायला हवे, हे पुढच्या पाच मिनिटांत वर्गातूनच येते. शेकडेवारीचे सूत्र फळ्यावर लिहून हे इतके नीट होत नाही.

त्यात आणखी एक खोच आहे. काही टेबल कॅल्क्युलेटरवर 500 + 18% हीच बटणे दाबली तर 590 येत नाही, 609.756 येते. ते यंत्र बिघडलेले नसते. विक्रीच्या किमतीवर 18 टक्के नफा राहायचा असेल तर वस्तू किती रुपयांना विकावी, हे ते सांगत असते: 500 भागिले 0.82. एकाच बटणाचे दोन अर्थ आणि दोन्ही खरे. तसेच 2 + 3 × 4 साध्या दुकानी कॅल्क्युलेटरवर 20 दाखवते आणि सायंटिफिकवर 14. हे दोन्ही कॅल्क्युलेटर शेजारी शेजारी ठेवून ‘कोण चुकले?’ असे विचारले, की कंसांची आणि क्रियांच्या क्रमाची गरज वर्गाला खरोखर भासते. एरवी तो नियम पुस्तकात असतो म्हणून पाळला जातो.

संशोधन काय म्हणते, हे थोडक्यात सांगतो, कारण पालकांची भीती खरी आहे. हेम्ब्री आणि डेसार्ट यांनी 1986 मध्ये 79 अभ्यास एकत्र तपासले. नेहमीच्या शिकवण्याच्या जोडीला कॅल्क्युलेटर वापरल्याने मुलांचे कागदावरचे कौशल्य घटले नाही, सर्वसाधारण मुलांचे उलट सुधारले. अपवाद होता चौथीचा: त्या वयात सततच्या वापराने कागदावरचे कौशल्य मागे पडल्याचे दिसले. 2003 मध्ये एलिंग्टन यांनी 54 अभ्यास पाहिले. शिकवताना आणि परीक्षेत अशा दोन्ही ठिकाणी कॅल्क्युलेटर असेल, तर आकडेमोड आणि प्रश्न सोडवणे या दोन्हींत फायदा दिसला. इंग्लंडमध्ये 1986 पासून हिलरी शुअर्ड यांच्या पुढाकाराने काही प्राथमिक शाळांत वेगळाच प्रयोग झाला. मुलांना कॅल्क्युलेटर कायम हाताशी दिला, आणि उभ्या मांडणीची ठरावीक रीत शिकवलीच नाही. मुलांनी तोंडी हिशेबाच्या आपापल्या रीती शोधून काढल्या. एवढ्यावरून मी चौथीच्या वर्गात खुशाल यंत्र वाटा असे म्हणणार नाही. आपले वर्ग मोठे आहेत आणि शुअर्ड यांच्या शिक्षकांना मिळाला तसा आधार इथल्या शिक्षकांना मिळत नाही. पण यंत्राने डोके गंजते, हे विधान इतके सरळ नाही.

लहान वर्गात काय करता येईल? साध्या खिशातल्या कॅल्क्युलेटरवर 10 − 3 करून बरोबरचे बटण पुन्हा पुन्हा दाबायचे. 7, 4, 1… काही यंत्रांवर त्यासाठी वजाबाकीचे बटण दोनदा दाबावे लागते. पुढचे बटण दाबण्याआधी मुलांनी हात वर करून सांगायचे, आता काय येईल? कोणी म्हणते शून्य, कोणी म्हणते ‘येणारच नाही’. येते −2. ऋण संख्या धड्याच्या आधी मुलांसमोर येऊन उभी राहते, आणि त्यानंतर −5 येणार की −1, यावर खरा वाद होतो.

आणखी एक खेळ बटण तुटल्याचा. 9 चे बटण चालत नाही असे समजायचे आणि 6 × 19 काढायचे. सहा वेळा वीस, त्यातून सहा वजा. हे वितरणाचा नियम वापरणेच झाले, नाव नंतर दिले तरी चालते. किंवा 37 ला कशाने गुणले की 20 येईल? गुणाकाराने संख्या वाढते ही तिसरीपासूनची पक्की समजूत इथे मोडते. मुले 0.5 घालतात, 18.5 येते, 0.6 घालतात, 22.2 येते, मग 0.54 ला 19.98 येते आणि वर्ग आणखी दशांश स्थळे मागू लागतो. कागदावर हे करायला तास गेला असता आणि मुले हातच्यातच अडकली असती. यंत्राने फक्त कष्ट घेतले, शोध मुलांनीच केला.

आठवी-नववीत मला सगळ्यांत आवडते ते 1 भागिले 17. 1 भागिले 7 केले की 0.14285714… येते, 142857 नंतर पुन्हा 14 सुरू होते हे पडद्यावरच दिसते. 1 भागिले 17 मात्र आठ दशांश स्थळांच्या पडद्यावर 0.05882352 इतकेच देते. आवर्तन कुठेच दिसत नाही. मुले म्हणतात, हा आवर्ती नसेल. इथे शिक्षकाने गप्प बसून एकच गोष्ट विचारावी: सतराने भागल्यावर बाकी किती प्रकारची उरू शकते? 1 ते 16, म्हणजे जास्तीत जास्त सोळा प्रकारची. मग कधीतरी तीच बाकी परत येणारच, आणि ती परत आली की आकडेही परत सुरू होणार. आवर्तन आहेच, फक्त ते पडद्यापेक्षा लांब आहे.

मग ते काढायचे कसे? 5882352 ला 17 ने गुणले की 99999984 येते. दहा कोटीला 16 कमी. म्हणजे पहिल्या आठ आकड्यांनंतर बाकी 16 उरली. आता 16 भागिले 17 करा: 0.94117647. हे पुढचे आठ आकडे. 94117647 ला 17 ने वहीत गुणा, कारण उत्तर पडद्यावर मावत नाही: 1599999999 येते, 160 कोटीला एक कमी. बाकी 1, म्हणजे आपण जिथून निघालो तिथेच आलो. म्हणून 1/17 = 0.0588235294117647, आणि हे सोळा आकडे पुन्हा पुन्हा. आठ आकड्यांच्या यंत्राकडून सोळा आकड्यांचे उत्तर काढून घेतले, ते भागाकारात बाकी म्हणजे काय हे कळल्यामुळे. तिसरी-चौथीत शिकलेला दीर्घ भागाकार इथे नव्याने उजळतो. आणि कोणी तरी चुणचुणीत मूल दोन्ही अर्धे एकाखाली एक लिहून बेरीज करते: 05882352 आणि 94117647. सगळे नऊ. असे का, हा प्रश्न त्या तासात सुटला नाही तरी बिघडत नाही.

आकडे घेऊन असे तासन्‌तास खेळणारा एक शाळामास्तर आपल्याकडे होऊन गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म 1905 मध्ये डहाणूला, पुढे नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिक्षक. चार आकडी संख्या घ्या, सगळे आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि वजा करा. 3524 घेतली तर 5432 − 2345 = 3087; 8730 − 0378 = 8352; 8532 − 2358 = 6174. पुढे 7641 − 1467 = 6174, मग कायम तेच. कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येते. कापरेकरांनी हा स्थिरांक 1949 मध्ये मांडला, तोही हाताने वजाबाक्या करून. मार्टिन गार्डनर यांनी 1975 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले.

हा खेळ बऱ्याच शाळांत गणित दिनाला होतो. मुले चकित होतात, टाळ्या वाजतात, तास संपतो. माझी तक्रार एवढीच, की खरा तास तिथून सुरू व्हायला हवा. कॅल्क्युलेटर नमुना दाखवतो, कारण दाखवत नाही. आधी तीन आकडी संख्या घ्यावी. तिथे प्रत्येक वेळी येणाऱ्या वजाबाक्या फळ्यावर लिहिल्या की मुलांना दिसते, मधला आकडा नेहमी 9 आहे. मोठ्यात मोठा आकडा अ आणि लहानात लहान क धरला, तर वजाबाकी 99 × (अ − क) इतकी असते. मधला आकडा दोन्हींकडे दहाच्याच स्थानी असल्यामुळे कटतो. म्हणजे येऊ शकणारी उत्तरे फक्त नऊ: 99, 198, 297, 396, 495, 594, 693, 792, 891. यांतली प्रत्येक पुढे कुठे जाते ते पाहिले की 99 वरून 891, मग 792, 693, 594 आणि 495 येते. 495 वर गाडी थांबते. दहा मिनिटांत पूर्ण सिद्धता, आठवीच्या बीजगणितात.

चार आकड्यांत तसेच केले तर वजाबाकी 999 × (पहिल्या आणि शेवटच्या आकड्यातला फरक) अधिक 90 × (मधल्या दोन आकड्यांतला फरक) अशी येते. 6174 साठी 999 × 6 आणि 90 × 2. दुसरा फरक पहिल्यापेक्षा मोठा असू शकत नाही, म्हणून शक्यता मोजल्या तर 54 भरतात. दहा हजार संख्या तपासण्याची गरजच उरली नाही. 54 शक्यता, एकेका मुलाला एक, प्रत्येकाच्या हातात कॅल्क्युलेटर: अर्ध्या तासात वर्गाने मिळून कापरेकर स्थिरांक सिद्ध केला. कापरेकरांच्या हयातीत देवळालीच्या वर्गात प्रत्येक मुलाकडे असे यंत्र नव्हते. आज आहे, निदान घरच्या मोबाइलमध्ये.

नवी मुंबईतल्या दहावीच्या वर्गाला मात्र मी सगळ्यांत आधी स्प्रेडशीट देईन, आणि विषय घराच्या कर्जाचा. सिडको 1970 मध्ये स्थापन झाली आणि तिच्या आखणीतून हे शहर उभे राहिले. इथल्या कितीतरी घरांत सिडकोची सोडत, बँक आणि हप्ता हे शब्द मुले लहानपणापासून ऐकतात. 30 लाख रुपये कर्ज, वार्षिक 9 टक्के व्याज, 20 वर्षे मुदत. महिन्याचा हप्ता सुमारे 26,992 रुपये. पहिला प्रश्न, स्प्रेडशीट उघडण्याआधी, वहीत उत्तर लिहूनच: दहा वर्षे नियमित हप्ते भरले तर किती कर्ज उरेल?

मुले लिहितात 15 लाख. मोठी माणसेही तेच लिहितात.

मग तक्ता करायचा. पहिल्या रकान्यात शिल्लक 30,00,000. त्यावर महिन्याचे व्याज 0.75 टक्के, म्हणजे 22,500. हप्ता 26,992, म्हणून मुद्दलात गेले फक्त 4,492. नवी शिल्लक 29,95,508. ही एक ओळ मुलाने स्वतः रचायची, सूत्र स्वतः लिहायचे. मग ती 240 ओळींपर्यंत खाली ओढायची. 120 व्या ओळीत शिल्लक दिसते सुमारे 21 लाख 31 हजार. निम्मे कर्ज फिटायला चौदा वर्षे लागतात. हप्त्यातला मुद्दलाचा भाग व्याजापेक्षा मोठा व्हायला 149 वा हप्ता उजाडतो.

मला मोलाचे वाटते ते यानंतरचे. हप्ता 22,500 केला तर? शिल्लक कायम 30 लाखच राहते, माणूस जन्मभर भाडे भरल्यासारखा भरत राहतो. 22,000 केला तर? कर्ज वाढत जाते. मुदत 15 वर्षे केली तर हप्ता सुमारे 30,428 होतो, महिन्याला साडेतीन हजारांहून थोडे कमीच वाढतात, आणि एकूण भरणा 64.78 लाखांवरून 54.77 लाखांवर येतो. दहा लाखांचा फरक. ईएमआयचे सूत्र पाठ करून किंवा बँकेच्या संकेतस्थळावरच्या कॅल्क्युलेटरमध्ये आकडे भरून हे कळत नाही. तिथे एक आकडा मिळतो. इथे मुलाला दिसते की चक्रवाढ म्हणजे प्रत्येक महिन्याला होणारी एक छोटी, साधी गोष्ट आहे आणि ती 240 वेळा होते. पुढे अकरावीत भूमिती श्रेढी आली की ही ओळ त्याला आठवेल.

यासाठी लागणारे लिब्रेऑफिस फुकट आहे, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात ते शिकवणारे धडे मराठीतही आहेत. भूमितीसाठी जिओजेब्रा आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 मध्ये ऑस्ट्रियात ते सुरू केले. त्यात त्रिकोणाचा कोपरा ओढून कोनांची बेरीज 180 राहते हे दाखवणे सोपे आहे, पण मी शिक्षकांना सुचवीन की असा त्रिकोण शोधा, जिथे दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवलेल्या तीन कोनांची बेरीज 180.01 येते. असे त्रिकोण सहज सापडतात, कारण प्रत्येक कोन वेगळा पूर्णांकित केलेला असतो. मग विचारा, मोजून कळले की सिद्ध झाले? समांतर रेषेची ती जुनी सिद्धता अशा वेळी मुलांना हवीहवीशी वाटते.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी आर. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखालील गटाने मुलाच्या विचाराला गणिती वळण देणे हे गणित शिक्षणाचे मोठे उद्दिष्ट मानले. उद्दिष्ट सगळ्यांना मान्य आहे. अडते ते परीक्षेत. ‘590 मधून 18 टक्के वजा केल्यावर 483.80 आले, यात काय चुकले ते दोन वाक्यांत लिहा’ असा प्रश्न तपासायला वेळ लागतो, आणि हजारो उत्तरपत्रिका एकसारख्या तपासायच्या असतात तेव्हा मंडळ अशा प्रश्नाला बिचकते, हे मी समजू शकतो. पण राज्य मंडळाच्या दहावीच्या गणितात 20 गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, सीबीएसईतही असतात. हे गुण शिक्षकाच्या हातात आहेत. त्यांतले पाच जरी यंत्र हाताशी देऊन विचारलेल्या प्रश्नांना ठेवले, आणि अंदाज, उत्तर व स्पष्टीकरण या तिन्हींना वेगळे गुण दिले, तर मंडळाच्या कोणत्याही नव्या आदेशाची वाट न पाहता पुढच्या चाचणीपासून हे करता येईल.